गोल्फ कोर्सच्या गवताचा तज्ज्ञ दिवसभर करतो तरी काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहात, गोल्फ कोर्सच्या गवताचे तज्ज्ञ असतात असं ऐकलंय, हे खरंच पूर्णवेळ काम आहे का, त्यात करायचं काय असतं, आणि त्यासाठी गोल्फ यावा लागतो का?

पूर्णवेळ आहे. सीझनमध्ये तर पूर्णवेळापेक्षाही जास्त. मी सुरुवातीला मॉवर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, चालवायचो, मग सहायक सुपरिंटेंडंट, मग सुपरिंटेंडंट, म्हणजे कोर्सच्या देखभालीचा प्रमुख, झालो, आणि आता सल्लागार ॲग्रोनॉमिस्ट, म्हणजे गवत-मातीचा तज्ज्ञ, आहे. क्लब बोलावतात, मी कोर्स पायी फिरतो, माती उकरतो, अहवाल देतो. अहवालात बहुतेक वेळा एकच सूर असतो: हे कमी करा. पाणी कमी, खत कमी, ग्रीन आणखी फास्ट करायचा हट्ट कमी. लोकांना वाटतं, तज्ज्ञ आला म्हणजे एखादं औषध लिहून देणार. मला पैसे मिळतात ते मुख्यतः 'नका करू' म्हणायचे, आणि ते समोरच्याच्या गळी उतरवणं हाच या कामातला अवघड भाग.

तो अवघड का, ते ग्रीनवरचं गवत कसं जगतं ते कळल्याशिवाय लक्षात येणार नाही. ग्रीन म्हणजे जिथे चेंडू हलकेच घरंगळवून होलमध्ये घालतात तो भाग. फेअरवेचं, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या लांब मैदानी पट्ट्याचं, गवत साधारण १० ते १५ मिलिमीटरवर कापतात, ग्रीनचं ३ मिलिमीटरच्या आसपास, तेही जवळजवळ रोज. पान इतकं आखूड ठेवलं की अन्न कमी तयार होतं आणि मुळंही आखूडच राहतात. त्यावर दिवसभर बुटांची वर्दळ. शेतीत आपण उत्पादन वाढवायला शिकतो. इथे कापून निघालेलं गवत हा नुसता कचरा असतो. बरेच सुपरिंटेंडंट हा कचरा बादलीने मोजतात, ग्रीनच्या क्षेत्रफळाने भागतात आणि वहीत लिहून ठेवतात. आकडा चढला की नत्राचा हात आखडायचा. तुमच्या प्राध्यापकांना हे ऐकवून बघा.

दिवस उजाडायच्या आत सुरू होतो, कारण पहिला खेळाडू यायच्या आत ग्रीन कापून व्हायला हवेत. त्या वेळेतल्या दोन गोष्टी सांगतो, त्यावरून कामाचा पोत कळेल.

होलची जागा नेमाने बदलतात. १०८ मिलिमीटर व्यासाचा कटर जमिनीत दाबला की मातीचं नळकांडं बाहेर येतं, ते जुन्या होलात ठोकून बसवायचं. नव्या कोर्सवर गेलो की मी आधी हे काम करणाऱ्या माणसाच्या मागे मागे फिरतो. अठराही ग्रीनच्या पोटात काय चाललंय ते त्यात आपसूक बघायला मिळतं. मुळं किती खोल गेलीत, पांढरी आहेत की तपकिरी, वर कुजक्या काड्यामुळ्यांचा थर, म्हणजे थॅच, किती जाड झालाय, बोटांनी दाबलं तर पाणी सुटतं का. आणि वास. सडक्या अंड्यासारखा वास आला आणि थोडं खाली काळा पट्टा दिसला की निम्मा अहवाल तिथेच तयार. मातीत हवा पोचत नाही, जिवाणू सल्फेटचं सल्फाइड करतायत, ते लोहाशी मिळून काळं पडतंय. वरून गवत पिवळं दिसतं, म्हणून कुणीतरी आणखी पाणी आणि आणखी खत मारलेलं असतं.

दुसरी गोष्ट वर्कशॉपमधली. ग्रीनचा मॉवर रीलचा असतो, म्हणजे फिरती पाती आणि खाली एक स्थिर पातं. मेकॅनिक कागदाची पट्टी त्या दोघांमध्ये धरतो आणि रील फिरवून बघतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत कागद स्वच्छ कापला गेला, तरच मॉवर बाहेर जातो. नाहीतर गवत कापलं न जाता फाटतं, शेंडे पांढरट होतात, आणि दुपारपर्यंत सगळे रोग झाला म्हणून ओरडायला लागतात. रीलचं हे यंत्र एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने १८३० मध्ये काढलं, कापडावरची लव छाटायच्या यंत्रावरून. तत्त्व अजूनही तेच आहे. बुरशीनाशकाची मागणी आली की मी आधी मेकॅनिकला भेटतो ते त्यामुळेच.

आता मातीकडे. खरं शास्त्र इथे आहे आणि तुमच्या मृदाशास्त्राचा उपयोगही इथेच. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, म्हणजे यूएसजीएने, १९२० मध्ये गवतासाठी वेगळा 'ग्रीन सेक्शन' काढला आणि १९६० मध्ये ग्रीन बांधायची पद्धत प्रसिद्ध केली. वर ३० सेंटिमीटर वाळूप्रधान मिश्रण, त्याखाली १० सेंटिमीटर खडी, त्याखाली निचऱ्याचे पाइप. बारीक कणांमधलं पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही. वरच्या थराचा तळ पाण्याने पुरता भरला की मगच ते खाली सुटतं. त्यामुळे कोरड्या दिवसांत पाणी मुळांच्या आवाक्यात राहतं आणि धो धो पाऊस पडला की निचराही होतो. कागदावर फार देखणी रचना आहे. पण मुळं आणि खोडं वरच्या वर मरत राहतात, वाळूच्या पोकळ्या त्यांनी बुजतात, आणि काही वर्षांत वरचे चार-पाच सेंटिमीटर ओलं फडकं होऊन बसतात. म्हणून भोकं पाडून गाभे उपसायचे आणि वाळू पसरायची. वाळू पसरणं नवीन नाही. १८६०च्या दशकात स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचं गोल्फ मैदान सांभाळायला आलेले ओल्ड टॉम मॉरिस हेच करत होते. भोकं पाडली की क्लबचे सभासद मात्र चिडतात, पुढचे काही आठवडे चेंडू उड्या मारतो. मग समिती भोकं पुढच्या वर्षावर ढकलते, आणि पुढच्या वर्षी काळा पट्टा घेऊन मला बोलावते.

गवतांबद्दल थोडक्यात. थंड हवेत बेंटग्रास, उष्ण हवेत बर्म्युडा. बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच, जी शेतात उपटून उपटून माणूस हैराण होतो. ग्रीनवर बहुधा तिचे संकर असतात. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनचे ग्लेन बर्टन यांनी हरळी आणि तिच्या आफ्रिकेतल्या बारीक पानांच्या बहिणीचा संकर करून १९५६ मध्ये 'टिफग्रीन' दिलं. ते त्रिगुणित, म्हणजे वांझ. बी धरत नाही, कांड्या लावूनच वाढवावं लागतं. हेच बर्टन बाजरीचेही पैदासकार. संकरित बाजरीच्या धड्यात तुम्ही 'टिफ्ट २३ए' ही नर-वंध्य वाण वाचली असेल, ती त्यांचीच. पाणी खारट असेल तर समुद्रकाठचं पास्पालम लावतात. कुठलं गवत लावायचं हा प्रश्न वर्षानुवर्षांतून एकदाच येतो आणि तिथे चुकलं की पुढे कितीही खत-पाणी करा, निस्तरत नाही. बेंटग्राससारख्या गवताला २० अंशांच्या आसपासची हवा मानवते, हरळीला ३० च्या वरची; हौसेने याच्या उलट लावलेले ग्रीन मी बरेच बघितलेत.

खतांच्या बाबतीत जुनी सवय अशी की माती-परीक्षणात पालाश 'कमी' आलं की गोणी फोडायची. ते मापदंड मुळात पिकांच्या उत्पादनासाठी बसवलेले. २०१२ मध्ये एमएलएसएन नावाची वेगळी पद्धत आली. तिच्यात, जिथे गवत उत्तम चाललंय अशा ठिकाणचे हजारो माती-नमुने घेऊन, किती कमी अन्नद्रव्यांवर भागतं ते बघितलं. पालाशसाठी आकडा निघाला ३७ पीपीएम (दशलक्षात ३७ भाग), आधीच्या शिफारशींच्या मानाने फारच खाली. मी तीच वापरतो. अर्थात सगळंच कमी करायचं नसतं. नत्र फार आखडलं तर डॉलर स्पॉट नावाचा बुरशीचा रोग ठिपक्या-ठिपक्यांनी उठतो, आणि तेव्हा मीच थोडा युरिया द्यायला सांगतो.

सगळ्यात जास्त डोकं खाणारा विषय म्हणजे ग्रीनचा वेग. तो मोजायला स्टिम्पमीटर असतो: ॲल्युमिनियमची जेमतेम ३६ इंचांची खाचेची पट्टी. एक टोक उचलत गेलं की ठरावीक कोनाला चेंडू सुटतो. तो सपाट जागेवर किती फूट गेला ते दोन्ही दिशांनी मोजून सरासरी काढायची. एडवर्ड स्टिम्पसन यांना १९३५ ची यूएस ओपन ही गोल्फ स्पर्धा बघून ही कल्पना सुचली. यूएसजीएने १९७०च्या दशकात ती सुधारून घेतली, ती सगळे ग्रीन एकसारखे आहेत का हे बघण्यासाठी. तेव्हा सहा-साडेसहा फूट ही सर्वसाधारण चाल होती. आज साध्या क्लबातही दहा फूट मागतात आणि टीव्हीवर स्पर्धा बघून आलेल्याला बारा हवे असतात. त्या स्पर्धेसाठी वर्षभर तयारी केलेली असते आणि नंतर गवताला विश्रांती मिळते, हे टीव्हीवर दिसत नाही. वेग वाढला की उतारावरच्या होलच्या जागाही बाद होतात, चेंडू थांबतच नाही. उरलेल्या चार जागांवर सगळी वर्दळ येते आणि तिथलं गवत मरतं. वेगापेक्षा सगळे ग्रीन सारखे ठेवा, हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की आता समित्या माझ्याआधी म्हणून दाखवतात आणि तरी बारा मागतात.

याहून कठीण सल्ला एकच: झाड तोडा. पूर्वेच्या झाडाची सावली सकाळभर ग्रीनवर राहिली तर दव वाळत नाही, बुरशीचं फावतं, आणि आखूड पानाला मिळायचा प्रकाशही जातो. अशा ग्रीनवर कुठलीही फवारणी म्हणजे पैसे पाण्यात. पण त्या झाडाखाली कुणाच्या तरी नावाचा बाक असतो. मग मी प्रकाश मोजायचं यंत्र दिवसभर ठेवतो आणि आकडे समितीपुढे मांडतो. कधी फांद्या छाटण्यावर तडजोड होते, कधी मला पुन्हा बोलावत नाहीत.

करिअरचं म्हणाल तर वाटा बऱ्याच आहेत. कोर्सवर सुपरिंटेंडंट, नवीन कोर्स बांधणाऱ्यांकडे गवत रुजवण्याचं काम, वाण पैदास, विद्यापीठातलं संशोधन, बियाणं-औषध कंपन्या, आणि सगळ्यात शेवटी सल्ला. ब्रिटनमध्ये बिंगलीला १९२९ पासून मैदानी गवताची संशोधन संस्था आहे, अमेरिकेत पेन स्टेटसारख्या विद्यापीठांत खास अभ्यासक्रम आहेत. पण पदवीनंतर थेट सल्लागार होऊ नका. दोन-तीन सीझन कामगारांबरोबर काढा: बंकरमधली, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यांतली, वाळू दाताळ्याने ओढा, होल कापा, रात्री फुटलेला पाइप शोधा. ज्याने कडक उन्हात हाताने पाणी मारून ग्रीन वाचवलेलं नाही, त्याचं सुपरिंटेंडंट ऐकत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. शनिवार-रविवार विसरा, खेळाडू तेव्हाच येतात. एका उकाड्याच्या रात्रीत पिथियम नावाच्या रोगाने ग्रीन बसवलं तर सुपरिंटेंडंटची नोकरी जाऊ शकते, दोष त्याचा असो वा नसो. मी सल्लागारीकडे वळलो त्यामागे हे एक कारण होतंच. शिकताना मृदा-भौतिकी, वनस्पती रोगशास्त्र आणि थोडी संख्याशास्त्राची बैठक पक्की करा. दोन पानांत सरळ लिहिता येणं यालाही तितकंच महत्त्व द्या, समिती तिसरं पान वाचत नाही.

गोल्फ यायलाच हवा असं नाही. उत्तम सुपरिंटेंडंट आहेत ज्यांना चेंडू धड हवेत उडवता येत नाही. पुटिंग, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवणं, तेवढं शिका. सकाळी कापलेल्या ग्रीनवर आणि त्याच ग्रीनवर संध्याकाळी सहा-सात चेंडू मारून बघितले की खेळाडू कशाबद्दल कुरकुरतायत ते कळतं, आणि त्यातली कुठली कुरकुर मॉवरची, कुठली पाण्याची आणि कुठली निव्वळ हरल्याची, तेही हळूहळू ओळखू यायला लागतं.