कोंबड्या मारल्या शेजाऱ्याच्या कुत्र्यांनी, अडकलो आम्ही

प्रश्न : शिराळा तालुक्यात चांदोलीच्या बाजूला आमची वस्ती आहे. गावठी कोंबड्या दिवसभर शिवारात मोकळ्या असतात. गेल्या महिन्यात शेजाऱ्याच्या दोन कुत्र्यांनी भरदिवसा 17 कोंबड्या मारल्या. पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. त्याआधी मुंगसासाठी लावलेल्या पिंजऱ्यात रानमांजर सापडलं होतं. सकाळी सोडून दिलं, पण पुतण्यानं पिंजऱ्यासकट फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवला. आता शेजारी म्हणतो, अर्ज मागे घे, नाहीतर फोटो फॉरेस्टला देतो. काय करावं?

उत्तर : अर्ज मागे घेऊ नका. घेतलात तरी फोटो शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये राहणारच, आणि उद्या बांधावरून वाजलं की तो पुन्हा बाहेर येईल. शिवाय वन्यजीवांचा गुन्हा हा सरकारविरुद्धचा गुन्हा. तो मिटवणं शेजाऱ्याच्या हातात नाही, तुमच्याही नाही.

आता अवघड भाग. नागपंचमीमुळे तुमच्या तालुक्याला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नवा नाही. जिवंत नागांच्या मिरवणुकीला चाप बसला तो याच कायद्यानं. त्यात शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नव्हे. पकडणं, फासकी किंवा सापळा लावणं, आमिष दाखवणं आणि यातला नुसता प्रयत्नही शिकारच. पिंजरा मुंगसासाठी होता, हा बचाव नाही. मुंगूसही संरक्षित आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना प्राणी मारला गेला तर कलम 11 सूट देतं, पण कोंबडी त्यात बसत नाही. प्राणी जिवंत सोडला, हे शिक्षेच्या वेळी तुमच्या बाजूनं बोलेल. गुन्हाच घडला नाही, असं मात्र त्यानं ठरत नाही.

खरा प्रश्न फोटोत नेमका कुठला प्राणी आहे, हा आहे. तुमच्याकडे ऊसतोडीत पिल्लं सापडतात त्या वाघाटीलाही लोक सर्रास रानमांजर म्हणतात. वाघाटी घरच्या मांजरापेक्षा लहान, अंगावर तांबूस ठिपके. रानमांजर मोठं, लांब पायांचं, अंग जवळपास सपाट रंगाचं, कानाच्या टोकाला काळे केस. वाघाटी पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. तिथं शिक्षा किमान 3 वर्षं, कमाल 7 वर्षं, दंड किमान 25,000 रुपये, आणि किमान कैद ठरलेली असल्यानं तडजोड होत नाही. प्राणी दुसऱ्या अनुसूचीतला ठरला, तर 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तिथं वनविभागाकडे रक्कम भरून तडजोडीची वाट उघडी असते. या अनुसूची 2022च्या दुरुस्तीनं नव्यानं मांडल्या आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झाल्या. जुन्या पुस्तकातला तक्ता बघून अंदाज बांधू नका.

म्हणून मूळ फोटो पुसू नका. तो पुसलात तर पुरावा नाहीसा केल्याचा दुसरा आरोप येईल. फोटो घेऊन जवळच्या वकिलाकडे जा आणि फॉरेस्टकडे स्वतःहून जायचं की नाही, ते त्यांच्याशी बसून ठरवा. माझा कल जाण्याकडे आहे, पण प्राणी कोणता ते कळल्यावर, आणि वकील सोबत असताना. कारण सहायक वनसंरक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्यानं नोंदवलेला जबाब पुढे न्यायालयात चालतो. तोवर शेजाऱ्याला मेसेजवर काहीही लिहून देऊ नका, माफीसुद्धा नाही. त्याच्या धमकीवरच गुन्हा दाखल करण्याचा सल्ला कुणी देईल. खरी तक्रार करीन, एवढं म्हणणं सहसा गुन्हा ठरत नाही. त्यात वेळ घालवू नका.

कुत्र्यांच्या बाबतीत तुमची बाजू भक्कम होऊ शकते. पाळीव जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये याची काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कोंबड्यांची किंमत मात्र सहसा दिवाणी दाव्यात मागावी लागते. मुंगसानंच मारल्या असतील, असं शेजारी म्हणणार. पण मुंगूस किंवा मांजर सहसा एखाददुसरी कोंबडी ओढून नेतं. 17 मारून तशाच टाकून जाणं हे बहुधा कुत्र्याचं काम. मेलेल्या कोंबड्यांचे फोटो, पशुवैद्यकीय दवाखान्याचा दाखला, पाहणारा साक्षीदार, कुत्र्यांनी आधीही असं केल्याची माहिती, यातलं जे असेल ते अर्जाला जोडा. आणि कुत्र्यांना विष घालायचा विचार मनात असेल तर काढून टाका. न्याय संहितेच्याच कलम 325खाली 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पिंजरा आजच उचला. मेन लाइनवरून तारेत करंट सोडण्याचा तर विषयच नको. माणूस दगावला तर सदोष मनुष्यवधापर्यंत प्रकरण जातं. खुराड्याला अर्ध्या इंची वेल्डमेश जाळी लावा, ती फूटभर जमिनीत गाडा आणि दिवस मावळायच्या आत कोंबड्या कोंडा.

गावात तंटामुक्त समिती चालू असेल तर कोंबड्यांच्या भरपाईचा विषय तिथं जरूर मांडा. रानमांजराचा काढू नका. तो मिटवायचा अधिकार समितीला नाही, आणि तिथं बोललेलं तुमच्याच विरुद्ध साक्षीला येईल.