पोट लहान झाले, आता जेवायचे कसे?

प्रश्न : माझे वय ४१ वर्षे असून ६ आठवड्यांपूर्वी माझी वजन कमी करण्याची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. पहिल्या तीन आठवड्यांत वजन ९ किलोंनी उतरले, पण गेले १२ दिवस काटा जागचा हललेला नाही. मागच्या आठवड्यात घरच्यांच्या आग्रहाखातर शेंगांच्या चटणीबरोबर कडक भाकरी खाल्ली. दुसऱ्याच घासाला छातीत काहीतरी अडकल्यासारखे होऊन उलटी झाली आणि तेव्हापासून रोज एक-दोनदा उलटी होते. उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. सासूबाई काळजीने म्हणतात, “खाल्ल्याशिवाय अंगात ताकद कशी येणार?” शस्त्रक्रिया फसली असेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, तुमचे पत्र हाती आले त्याच दिवशी दूरध्वनीवरून जे कळवले, तेच येथे सर्व वाचकांसाठी आधी लिहितो. वजनाचा काटा थांबला याची चिंता करू नका, परंतु आठवडाभर चाललेल्या उलट्या अंगावर काढू नका. घास मोठा झाला किंवा घाईने खाल्ला म्हणून एखादे वेळी उलटी होणे समजण्यासारखे आहे. रोजची उलटी मात्र या शस्त्रक्रियेनंतर ‘होतेच असे’ म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करतात; ती कोठे जास्तच आवळली आहे का, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच तपासले पाहिजे.

यात आणखी एक धोका आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच असतो. खाणे कमी आणि त्यात उलट्या, असे झाले की तो झपाट्याने संपतो. मग एकाच्या दोन वस्तू दिसणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे अशी लक्षणे दिसू लागतात आणि उपचाराला उशीर झाल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आपल्याकडे अशक्तपणा आला की गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजची सलाईन लावून घेण्याची रीत आहे. अशा रुग्णाला आधी थायमिन न देता नुसते ग्लुकोज दिले, तर ही इजा वाढू शकते. म्हणून कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी “माझी स्लीव्ह झाली आहे आणि आठवडाभर उलट्या होत आहेत” हे पहिले वाक्य असू द्या.

अंधारी येण्याचे सर्वांत संभाव्य कारण म्हणजे पाणी कमी पडणे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि तुमच्या जठरात आता एका वेळी साधारण १०० ते १५० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका कपाएवढेच मावते, कारण शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून टाकलेला असतो. तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी पिण्याची सवय त्यामुळे सोडावीच लागेल. लिटरभराची बाटली जवळ ठेवा, दर काही मिनिटांनी एक-दोन घोट घ्या आणि रात्रीपर्यंत दीड ते दोन लिटर पोटात गेले पाहिजे असा हिशेब ठेवा. जेवताना मात्र पाणी नको. जेवणानंतर अर्धा तास जाऊ द्या. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर त्याही डॉक्टरांना दाखवून घ्या, कारण वजन उतरू लागल्यावर पूर्वीचा डोस जास्त होऊ शकतो.

आता भाकरीविषयी. साधारणपणे पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले, त्यानंतर मऊ अन्न आणि दोन महिन्यांच्या सुमारास नेहमीचे जेवण, असा क्रम असतो. तुमच्या डॉक्टरांनी दिलेला तक्ता यापेक्षा वेगळा असेल, तर तोच पाळा. तुम्ही सध्या मऊ अन्नाच्या टप्प्यात आहात, आणि कडक भाकरी हा तर आपल्या ताटातला सर्वांत कोरडा पदार्थ. उलट्या थांबून डॉक्टरांनी परवानगी दिली की चहाच्या चमच्याने घट्ट वरण घेऊन पाहा : एक चमचा तोंडात, तो पूर्ण विरघळेपर्यंत चमचा वाटीत खाली ठेवायचा, मग दुसरा. लहान वाटी संपायला वीस मिनिटे लागली पाहिजेत. छातीत दाटून आले, उचकी लागली किंवा तोंडाला पाणी सुटले की त्याच क्षणी थांबायचे, वाटीत दोन चमचे उरले असले तरी. ‘अन्न टाकू नये’ हा संस्कार आपल्या हाडीमाशी खिळलेला आहे, म्हणून वाढून घेतानाच कमी घ्या.

सासूबाईंचे म्हणणे पूर्णपणे खोटे नाही. ताकद हवीच, फक्त ती भाकरीऐवजी प्रथिनांतून यायला हवी. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणातून जवळजवळ तेवढीच आणि १०० ग्रॅम पनीरमधून १८ ग्रॅमच्या आसपास मिळतात. हा हिशेब मांडून पाहिला की सुरुवातीचे काही महिने प्रथिनांची पावडर का देतात हे घरच्यांनाही पटते. सासूबाईंना पुढच्या तपासणीला बरोबर घेऊन जा, असे मी आग्रहाने सुचवतो.

काटा थांबण्याचे कारण साधे आहे. सुरुवातीला शरीर साठवलेली साखर वापरते आणि तिच्याबरोबरचे पाणीही जाते, म्हणून वजन भरभर उतरते. नंतर पाण्याचे प्रमाण सावरताना चरबी कमी होत असूनही काटा स्थिर दिसतो. आठवड्यातून एकदाच वजन करा. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळू लागले, तरी घाबरू नका. प्रथिने आणि लोह नीट मिळत असेल, तर बहुतेकांचे केस वर्षभरात पुन्हा येतात. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र आयुष्यभराच्या आहेत, आणि शाकाहारी घरात बी-१२ची तपासणी कधीही चुकवू नये.

प्रश्न : माझे वडील ५४ वर्षांचे असून यंत्रमागावर काम करतात. मधुमेहामुळे त्यांची गॅस्ट्रिक बायपास झाली असून उद्या ते घरी येतील. आम्ही कोणती काळजी घ्यावी?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : बायपासमध्ये जठराचा लहानसा भाग वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. त्यानंतर रक्तातील साखर अनेकदा वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत खाली येते. त्यामुळे इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या जुन्या गोळ्या स्वतःहून चालू ठेवू नका. नवा डोस लिहूनच घ्या आणि घरी साखर तपासत राहा. गोड चहा किंवा मिठाई पोटात गेली की घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब होऊ शकतात, कारण साखर लहान आतड्यात एकदम उतरते. तंबाखू, विडी आणि अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या पूर्ण बंद. जठर आणि आतडे जोडलेल्या जागी यांमुळे व्रण होऊ शकतात.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात भरलेल्या वायूमुळे पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखू शकतो. पण ताप, वाढत जाणारी पोटदुखी, विश्रांतीतही १२०च्या वर राहणारी नाडी, धाप किंवा एका पोटरीला सूज यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठा. घरात दर दोन तासांनी त्यांना चालवा. कामावर परतण्याची तारीख डॉक्टर ठरवतील; सुताचे गठ्ठे आणि बीम (सूत गुंडाळलेले मागाचे जड रूळ) मात्र किमान सहा आठवडे उचलायचे नाहीत, आणि हे कारखान्याच्या मालकांना तुम्ही स्वतः जाऊन सांगितलेले बरे, कारण वडील संकोचापोटी नाही म्हणणार नाहीत.