छोट्या कॅमेऱ्याच्या शटरची पाती उघडली की मिटली हे बघायला सेन्सर लावावा, की कॉइलला पल्स देऊन ठरावीक मिलिसेकंद थांबलं तरी भागतं?

नाही भागत. "थांबलं की भागतं" हे वाक्य मी सात वर्षं रोज ऐकलंय, म्हणूनच लिहायला बसलो.

कोल्हापुरात महाद्वार रोडजवळच्या एका बोळात माझ्या सख्ख्या मामाचं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान होतं, मी तिथंच शिकलो. मामा जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यांचा माणूस, कानाला बॉडी लावून शटर सोडायचा आणि स्पीड किती मंद झालाय ते सांगायचा, आणि ते बरोबर निघायचं हे मी स्वतः बघितलंय. पण डिजिटल कॅमेऱ्यातल्या शटरच्या सेन्सरवर त्याचा लई राग. म्हणायचा, बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास याच गावात कॅमेरा घडवला, त्यात कुठला सेन्सर होता? आता हाताने फिरवायच्या सिनेकॅमेऱ्यात शटरची चकती आणि फिल्म ओढणारा पंजा एकाच गिअरवर बांधलेले असतात, एक फिरलं की दुसरं फिरणारच, तिथं जागा विचारायची गरजच नाही. छोट्या डिजिटल कॅमेऱ्यात मात्र कॉइल, मण्याएवढं मॅग्नेट, त्याचा एक दांडा आणि त्यात अडकवलेली कागदासारखी पाती, बस्स. कॉइलला करंट गेला म्हणजे पातं पोचलं असं कुणी सांगितलं?

2012 च्या चैत्र यात्रेनंतर एक फोटोग्राफर जोतिबावरून गुलालानं भरलेला कॉम्पॅक्ट कॅमेरा घेऊन आला. सुरू केला की लेन्स बाहेर, दोनदा टिकटिक, लेन्स एरर, बंद. एका सर्व्हिस सेंटरनं त्याला अख्खं लेन्स युनिट बदलायला सांगितलेलं. मामानं कान लावला आणि म्हणाला पाती हलतायत, सेन्सर खोटं बोलतोय, त्याची वायर ग्राउंडला टाक. टाकली. एरर तसाच, कारण सुरू होताना कॅमेरा पाती एकदा मिटून एकदा उघडून बघतो आणि त्याला दोन्ही वेळेला सिग्नल बदललेला दिसावा लागतो, कायमचा एकच दिसला तर तो गप बसणार नाही.

मग मी फ्लेक्सवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या लवचिक सर्किट-पट्टीवर, बारीक वायर सोल्डर करून स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लावला. पातं बाजूला असताना, म्हणजे फोटोट्रान्झिस्टरवर (उजेड पडला की करंट जाऊ देणारा भाग) उजेड असताना, 0.3 व्होल्टच्या आसपास यायला हवं होतं, येत होतं 1.9. पातं आड आलं की 3.1. म्हणजे पातं व्यवस्थित हलत होतं, मामाचा कान खरा होता, पण फोटोइंटरप्टरच्या, म्हणजे एका बाजूला एलईडी आणि समोर फोटोट्रान्झिस्टर असलेल्या सेन्सरच्या, खाचेत गुलालाचा थर बसून उजेड निम्माशिम्माच पोचत होता आणि कॅमेऱ्याला पातं कायम मिटलेलंच वाटत होतं. आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) खाच पुसली, कॅमेरा चालू. लगेच मामा म्हणाला, बघ, सेन्सर नसता तर कॅमेरा बंदच पडला नसता.

यावर मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, ते आठवड्यानं मिळालं. त्याच यात्रेतला तसलाच दुसरा कॅमेरा आला, त्यात एरर काही नाही पण त्या माणसाच्या गावच्या सासनकाठीचे सगळे फोटो पांढरेफटक. त्यात खाच स्वच्छ होती आणि गुलाल पात्याच्या खिळीत गेलेला. या कॅमेऱ्यांत एक्स्पोजर सुरू होतं सीसीडीवर (चित्र टिपणाऱ्या चिपवर) इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं आणि संपतं पातं मिटल्यावर. मोजलं तर पातं 5 मिलिसेकंद उशिरा मिटत होतं. एक्स्पोजर 4 मिलिसेकंदांचं असेल तर ते 9 झालं, एक स्टॉपहून, म्हणजे दुपटीहून, जास्त प्रकाश! सेन्सर होता, पण कॅमेरा त्याला फक्त सुरू होताना विचारायचा, फोटो काढताना वेळेवर विसंबायचा. म्हणजे मामा म्हणतो तेच, पल्स देऊन नुसतं थांबायचं, करायचा, आणि त्यातच फोटो गेले. बॅटरी उतरली, थंडी पडली, कॅमेरा उभा धरला, तरी हा वेळ बदलतो.

तर तुमच्या प्रोजेक्टला फोटोइंटरप्टर घ्या, पण त्याला नुसता हो-नाही विचारू नका. अ‍ॅनालॉग व्होल्टेज वाचा, दरवेळी सुरू करताना मिटलेली आणि उघडी अशा दोन्ही लेव्हल नव्यानं मोजा आणि मर्यादा त्यांच्या मधे ठेवा, थोड्या हिस्टेरेसिससकट, म्हणजे जाताना आणि येताना मर्यादा जराशी वेगळी ठेवून. दोन्हीतलं अंतर कमी कमी होत चाललं तर ती धूळ, आणि बदलच झाला नाही तर पातं अडकलंय किंवा एलईडी गेलीय. पात्याची वेळ टायमर कॅप्चरनं (सिग्नल बदलला त्याच क्षणाची वेळ चिपच नोंदवते) पकडा, दर मिलिसेकंदाला पोलिंग करून, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारून, 2 मिलिसेकंदांचं शटर काय दिसणार? फोटोट्रान्झिस्टरचा लोड रेझिस्टर (त्याच्या करंटचं व्होल्टेज करणारा) मोठा घेतलात तर व्होल्टेज झकास मिळतं पण सिग्नलची कडा आळशी होते, म्हणजे बदल सावकाश होतो, हेही बघा.

आणि सेन्सर पात्यावरच बसवा, दांड्यावर नको. दांड्याची खिळी पात्याच्या भोकातून निसटली तर दांडा पोचतो, पातं तिथंच लोंबतं. हॉल सेन्सरशी (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा सेन्सर) माझं हेच भांडण आहे, तो रोटरचं मॅग्नेट बघतो, पातं नाही, वर कॉइलचं स्वतःचं फील्ड त्यात मिसळतं. पण धुळीचा त्याला काही फरक पडत नाही हे खरं, त्यामुळं तुमचं यंत्र फाउंड्रीत वगैरे जाणार असेल तर मी एवढा हट्ट धरणार नाही. कॉइलच्या करंटमधला खड्डा बघून जागा ओळखतात, ते मोठ्या सोलेनॉइडला (लोखंडी दांडा ओढणारी कॉइल) जमतं, एवढ्याशा मॅग्नेटला सिग्नल फार बारीक येतो.

राहिलेलं एक, सगळं काळं प्लास्टिक इन्फ्रारेडला काळं नसतं. नुसता रंग घातलेल्या पात्यातून 940 नॅनोमीटर आरपार जाऊ शकतं, कार्बन घातलेलं घ्या. एलईडीचा उजेड इमेज सेन्सरवर सांडू देऊ नका, काही 35 मिमी कॅमेऱ्यांत फिल्मची भोकं मोजायला अशीच एलईडी असायची आणि इन्फ्रारेड फिल्मच्या कडा तिनं धुरकट व्हायच्या. एलईडी पेटते का ते बऱ्याच मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून दिसतं. पात्यांना तेल मात्र अजिबात लावू नका, कुणीही सांगितलं तरी.

पाती कशाची आहेत आणि रेझिस्टर किती घेतलाय ते लिहा, मग लेव्हलचं बघून सांगतो.