मुलांच्या हार्मोन्सच्या डॉक्टरांच्या संघटनेत जाऊन नव्या बालरोगतज्ज्ञाला काय मिळतं?

तुमचा प्रश्न असा: एमडी पीडियाट्रिक्सचं शेवटचं वर्ष चालू आहे, पुढे जिल्ह्याच्या गावी परत जाऊन प्रॅक्टिस करायची आहे, आणि मुलांच्या हार्मोन्सच्या आजारांची गोडी लागली आहे. या विषयाच्या संघटनेचं सभासद होऊन काही पदरात पडतं, की वर्गणी भरून नुसते ईमेल वाचत बसायचं?

पडतं, आणि भरपूर पडतं. मी मराठवाड्यातल्या एका गावात बालरोगतज्ज्ञ आहे. टाइप १ मधुमेह, थायरॉइड, उंची न वाढणं, लवकर वयात येणं अशी मुलं माझ्याकडे रोज असतात आणि या विषयाचा तज्ज्ञ बसने पाच-सहा तासांवर. संघटना म्हणजे इंडियन सोसायटी फॉर पीडियाट्रिक अँड ॲडोलसंट एंडोक्रिनॉलॉजी, आयएसपीएई.

तिथली सगळ्यात मोलाची संधी मात्र तुमच्यासाठी नाही, तुमच्या सिस्टरसाठी आहे. 2021 पासून संघटना डायबेटिस एज्युकेटर, म्हणजे घरच्यांना मधुमेह सांभाळायला शिकवणारी माणसं, तयार करणारा ‘आयडियल’ नावाचा ऑनलाइन कोर्स चालवते. नर्स आणि आहारतज्ज्ञ तो करतात, टाइप १ असलेल्या मुलांचे आईवडीलही करतात. आमच्या सिस्टरने ड्युटी संपल्यावर रात्री घरी बसून, मोबाइलवर तो पूर्ण केला.

त्यानंतरची एक गोष्ट सांगतो. सात वर्षांची एक मुलगी होती, साखर कधी तीनशेवर तर कधी साठावर. मी दोनदा इन्सुलिनचा डोस वाढवला होता. सिस्टरने तिला पडद्यामागे नेलं, मांडीवरून बोटं फिरवली आणि मला हाक मारली. उजव्या मांडीवर, सुपारीएवढ्या जागेत, मऊ गाठ आली होती. तिथे दुखत नाही म्हणून आई रोज तिथेच सुई टोचत होती. अशा गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. डोस वाढवून काही होणार नव्हतं. उलट चांगल्या जागी तोच डोस टोचला असता तर साखर धाडकन खाली आली असती. म्हणून आधी डोस कमी केला. मग सिस्टरने स्केचपेनने मांडीवर चौकटी आखल्या आणि कुठल्या वारी कुठल्या चौकटीत टोचायचं ते आईकडून तीनदा म्हणून घेतलं. घरी फ्रिज नव्हता, तेव्हा मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं आणि त्यात इन्सुलिनची बाटली, हेही तिनेच सांगितलं. मुलामागे ओपीडीत मला मिळतात सात-आठ मिनिटं. त्यात हे माझ्याकडून कधीच झालं नसतं.

तुमच्या स्वतःसाठी म्हणाल तर पीईटी, म्हणजे पीडियाट्रिक एंडोक्राइन ट्रेनिंग. संघटनेची मोठी परिषद दर दोन वर्षांनी भरते आणि तिला जोडून तरुण डॉक्टरांसाठी हे निवासी शिबिर असतं. जागा थोड्या असतात, त्यामुळे सूचना आली की रेंगाळू नका. तिथे लहान गटात बसून आपली केस मांडायची असते आणि देशातले, परदेशातले ज्येष्ठ समोर असतात. मी नऊ वर्षांच्या एका मुलीची केस नेली होती: वर्षभरात उंची फक्त तीन सेंटीमीटर वाढली, वाढीच्या हार्मोनची तपासणी करावी का? समोरच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “उंची कोणी मोजली? आणि वेण्या सोडल्या होत्या का?”

मला उत्तर देता आलं नाही. वयात येण्याआधी मूल वर्षाला साधारण चार ते सहा सेंटीमीटर वाढतं. मग डोक्यावर बांधलेल्या दोन वेण्या आणि रिबिनी एका मोजणीत धरल्या आणि दुसऱ्या मोजणीत धरल्या नाहीत, की सगळा हिशोबच चुकतो. परत आल्यावर मी त्या मुलीला स्वतः मोजलं. वेण्या सोडून, टाचा भिंतीला, नजर समोर, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तसंच. ती व्यवस्थित वाढत होती. एक महागडी, काही तास पुन्हा पुन्हा रक्त द्यायची तपासणी वाचली. उंची मांडायला पाच वर्षांवरच्या मुलांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे 2015 चे तक्ते वापरा. त्यामागे पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचं मोठं काम आहे.

आता ईमेलबद्दल. सगळे वाचू नका, पण मार्गदर्शक सूचना आल्या की त्या दिवशीच वाचा. 2018 मध्ये संघटनेने नवजात बाळांच्या थायरॉइड तपासणीच्या शिफारशी काढल्या. जन्मतः थायरॉइड कमी असलेलं बाळ पहिल्या दिवसांत अगदी सुदृढ दिसतं आणि गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तरच मेंदू नीट वाढतो. त्या वाचल्यावर मी गावातल्या तीन प्रसूतिगृहांत जाऊन बसलो. बाळ तीन दिवसांचं झालं की टाचेतून रक्त घ्यायला दोघांनी लगेच होकार दिला, तिसऱ्यांना वर्ष लागलं. संघटनेची बातमी म्हणजे माझ्या लेखी ही.

परदेशातल्या संधी थोडक्यात सांगतो. आशिया-पॅसिफिकची ॲपेस ही संघटना तरुण डॉक्टरांसाठी फेलोज स्कूल घेते. युरोपची ईएसपीई 1962 पासून काम करते आहे आणि तिचे ऑनलाइन धडे फुकट वाचता येतात. मुलांच्या मधुमेहासाठी इस्पॅड या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं छापून टेबलावर ठेवा.

एक मात्र ध्यानात घ्या. सभासदत्व ही पदवी नव्हे, पाटीवर ‘हार्मोनतज्ज्ञ’ लिहायचा परवाना तर नव्हेच. तज्ज्ञ व्हायचं असेल तर चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेसारख्या ठिकाणी डीएम, म्हणजे एमडीनंतरची पुढची पदवी, करावी लागते. गावातच राहायचं असेल तर माझ्यासारखं, अवघड केस कोणाला विचारायची हे माहीत असलेला बालरोगतज्ज्ञ होता येतं, आणि गावाला त्याचीही फार गरज आहे.

पीईटीचा अर्ज भराल तेव्हा मेडिकल कॉलेजमधली दुर्मीळ सिंड्रोमची केस शोधत बसू नका. ओपीडीत तुम्ही स्वतः मोजलेलं, ज्याचं उत्तर तुम्हाला अजून सापडलेलं नाही, असं एखादं मूल न्या. आणि सिस्टरचं नाव ‘आयडियल’साठी त्याच आठवड्यात घाला, फी तुम्ही भरा.