नोटीस पाठवल्याने मुदत थांबत नाही

तुमच्या पाच पानी पत्रातली चार पानं एकाच प्रश्नावर गेली आहेत: पाडकामाच्या राडारोड्यातून काढलेली खडी नव्या बांधकामात वापरणं कायदेशीर आहे का? नाशिकजवळ तुमचा छोटा क्रशर आहे. मार्च ते जून २०२३ मध्ये तुम्ही एका बिल्डरला ३८ डंपर खडी दिलीत. ४ लाख ७० हजार येणं बाकी आहे आणि तो म्हणतो, ‘माल रिसायकल्ड निघाला, आमच्या इंजिनिअरने नापास केला.’

कायदेशीर आहे. आयएस ३८३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने जुन्या काँक्रीटच्या खडीला मान्यता दिली. साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम २५ किंवा त्याखालच्या ग्रेडच्या (‘एम’चा आकडा म्हणजे काँक्रीटची ताकद) आरसीसीत, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये, २० टक्क्यांपर्यंत, आणि एम १५ पेक्षा कमी ग्रेडच्या लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या हलक्या प्रतीच्या, काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के. विटा, प्लास्टर मिसळलेला माल मात्र फक्त लीन काँक्रीटपुरता.

पण तुमचे पैसे या प्रश्नावर अडलेले नाहीत. चौथ्या पानाच्या तळाशी तुम्ही सहज लिहून गेला आहात की वर्क ऑर्डरवर ‘बिलाच्या तारखेपासून ६० दिवसांत पेमेंट’ असं आहे आणि खाली बिल्डरची सही आहे. सगळं प्रकरण या एका ओळीवर उभं आहे.

विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते. उधारीची मुदत ठरलेली नसेल, तर ती माल पोचल्या दिवसापासून मोजतात (मुदत कायदा १९६३, अनुच्छेद १४). ठरलेली असेल, तर उधारी संपल्यापासून (अनुच्छेद १५). तुमचं पहिलं चलन आणि बिल ४ मार्च २०२३ चं. ती ओळ नसती तर हे बिल ४ मार्च २०२६ लाच बुडालं असतं. ओळ आहे म्हणून ते ३ मे २०२६ पर्यंत जिवंत आहे. पत्र माझ्या हाती पडलं ६ एप्रिलला. म्हणजे चार आठवडेसुद्धा नाहीत. आणि शेवटच्या बिलाची तारीख धरून सगळी रक्कम मोजता येत नाही. साधारणपणे प्रत्येक बिलाची मुदत वेगळी धावते. १७ जूनच्या शेवटच्या बिलाला १६ ऑगस्टपर्यंत वेळ आहे, पहिल्याला नाही.

‘दोन वेळा वकिलाची नोटीस पाठवली आहे, त्यामुळे काळजी नाही’ असं तुम्ही लिहिता. हे वाक्य मला दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या पत्रात वाचायला मिळतं आणि दर वेळी जीव तुटतो. नोटिशीने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. तीन वर्षं तुम्ही नोटिसा आणि फोन यांत घालवलीत, आणि ती बिल्डरच्या पथ्यावर पडली.

डिसेंबर २०२३ मध्ये त्याने खात्यावर १ लाख टाकले, म्हणून मुदत नव्याने सुरू झाली असं म्हणता येईल. पण मुदत कायद्याच्या कलम १९ ला त्या भरण्याची देणाऱ्याच्या हस्ताक्षरातली किंवा सहीची नोंद लागते. बँकेची नोंद तेवढ्याला पुरेल का, यावर तो भांडणारच. ‘बघतो, स्लॅब पडू दे’ हा व्हॉट्सॲप मेसेज तर त्याहून कच्चा. दोन्ही जपून ठेवा, पण त्यांच्या भरवशावर ३ मे ओलांडू नका.

आता आणखी एक अडथळा. रक्कम ३ लाखांच्या वर, व्यवहार मालविक्रीचा. म्हणून दावा वाणिज्य न्यायालयात. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर तिथे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ‘पाटील ऑटोमेशन’च्या निकालात सांगितलं आहे की ती टाळून लावलेला दावा फेटाळला जाईल. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरत नाहीत, म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज याच आठवड्यात गेला पाहिजे. कोर्टाची मे महिन्याची सुट्टी तोंडावर आहे.

लघुउद्योगांना थकलेल्या बिलांसाठी कायद्याचं वेगळं संरक्षण मिळतं, पण त्यासाठी लागणारी उद्यम नोंदणी तुम्ही सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे माल देऊन झाल्यावर केलीत. पुरवठ्यानंतरच्या नोंदणीचा लाभ मागच्या व्यवहाराला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल सांगतो. हा प्रश्न २०२५ मध्ये मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे, पण तुम्हाला तिकडे बघत बसायला वेळ नाही.

‘नापास’ मालाबद्दल तुमची बाजू बरी आहे. मालविक्री कायद्याचं कलम ४२ म्हणतं की वाजवी काळात नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरतात. बिल्डरने तो पीसीसीत (साध्या काँक्रीटमध्ये) ओतला आणि अकरा महिन्यांनी तक्रार केली. तरी खराब मालापोटी किंमत कमी करून मागायचा रस्ता त्याला उरतो, आणि तिथे तुमची चलनं तुम्हाला नडतील. पाठवलेले फोटो मी एकेक करून पाहिले. सगळीकडे नुसतं ‘२० मिमी खडी’. जुन्या काँक्रीटची आहे, हे एकावरही नाही. अकरा चलनांवर साइटवाल्याची सही म्हणजे निळ्या पेनाची एक रेघ आहे, नाव नाही. एक शब्द जास्त लिहायला डंपर किती वेळ थांबला असता? व्यवहार ठरला तेव्हा माल कसला आहे हे त्याला माहीत होतं, असं दाखवणारा एखादा मेसेज, कोटेशन किंवा लॅबचा रिपोर्ट असेल तर आजच शोधा.

मूळ वर्क ऑर्डर, मूळ चलनं आणि वजनकाट्याच्या पावत्या घेऊन उद्या सकाळी तिथल्या वकिलांकडे जा. फोटो चालणार नाहीत. आणि त्यांना पहिली तारीख सांगा ती ३ मे.