प्राचीन इजिप्तचा राजा रामसेस तिसरा याचा खरंच खून झाला होता का?

हो, गळा चिरून. तुरिनच्या पपायरसमध्ये (इटलीतल्या तुरिन शहरात ठेवलेल्या प्राचीन इजिप्शियन दस्तऐवजात) राणी तिये आणि मुलगा पेंतावेरे यांच्या कटाचा खटला आहे, पण राजा नेमका कसा गेला ते कळत नव्हतं, कारण ममीच्या मानेभोवती कापडाच्या पट्ट्या घट्ट गुंडाळलेल्या आणि त्या सोडवल्या तर ममीच खराब होणार. मग सीटी स्कॅन केला, २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले, त्यात दिसलं की कंठाच्या खाली सुमारे ७ सेंटीमीटर रुंद घाव, श्वासनलिका-अन्ननलिका तुटलेली, थेट मणक्यापर्यंत, म्हणजे वाचणं शक्यच नव्हतं. आणि त्या जखमेत होरस देवाच्या डोळ्याचा छोटा ताईत! ममी करणाऱ्यांनी ठेवलेला, मृत्यूनंतरच्या आयुष्यात तरी जखम भरावी म्हणून. मला तर तो ताईत बघूनच गलबलून येतं.