आकडा घासू नका

प्रश्न : आजोबांची बीएसए मोटरसायकल कित्येक वर्षं शेडमध्ये पडून होती, ती परवा बाहेर काढली. एक सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह. इंजिनावर ‘डब्ल्यूएम२०’ अशी अक्षरं आणि पुढे आकडे आहेत. कागदपत्रांवर साल १९४९. आजोबा मात्र सांगायचे की ही महायुद्धातली गाडी. पुढे टेलिस्कोपिक फोर्क आहे. फ्रेमचा आकडा आणि इंजिनाचा आकडा जुळत नाही, म्हणून एका जाणकाराने ‘दोन गाड्या जोडून केलेली’ असा शेरा मारला. नक्की साल कोणतं? आकडा पुसट आहे, वायर ब्रश मारून साफ करू का?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो उशिरा घेतला तर बाकीची उत्तरं वाया जातील. ब्रश खाली ठेवा. ग्राइंडर, सँडपेपर, कानस, सगळंच.

हे पाप माझ्या हातून एकदा घडलंय. विशीत होतो, अशीच एक एम-२० (बीएसएचं हेच तुमचं मॉडेल) मिळाली होती. टाकीवर काळा रंग, त्याखाली मरून, त्याखाली काहीतरी मळकट हिरवं. मी दणादण घासत गेलो. डाव्या अंगाला पांढरा ‘सी’ आणि त्यापुढे ‘४’ दिसला तेव्हा हात थांबला, पण त्यापुढचे आकडे तोवर माझ्या मांडीवर भुकटी होऊन पडले होते. ब्रिटिश लष्कर आपल्या प्रत्येक मोटरसायकलच्या टाकीवर ‘सी’ने सुरू होणारा नोंदणी आकडा रंगवत असे. तो शाबूत राहिला असता तर ती गाडी लष्कराच्या कोणत्या खरेदी-कंत्राटातली, हे शोधता आलं असतं. त्या दोन अक्षरांचा फोटो अजून माझ्याकडे आहे. बघितला की तोंड कडू होतं.

तर इंजिनाचा आकडा असा वाचा. एम-२० ला तो डाव्या बाजूला, क्रँककेसवर म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीवर, सिलिंडर बसतो त्याच्या जरा खाली असतो. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं त्यावर तासभर ठेवा. वर रंग असेल तर थिनर आणि जुना टूथब्रश. मग अंधार करा आणि टॉर्च समोरून न धरता बाजूने, जवळजवळ आडवी धरा. खाचेत सावली पडते आणि दिवसा न दिसणारा ‘३’ की ‘८’ हा वाद तिथल्या तिथे मिटतो. शेवटी पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी फिरवा, लहानपणी नाण्यावर फिरवायचो तशी. हा छाप फोटोपेक्षा खरा.

छाप घेताना आकड्यांपेक्षा आजूबाजूचा धातू बघा. आकडे थोडे वाकडे, एखादा खोल, एखादा उथळ असेल तर बिचकू नका. कारखान्यात माणूस हातात पंच आणि हातोडी घेऊन ते ठोकत होता, तो काही छापखाना नव्हता. खटकायला हवं ते वेगळंच. आकड्यांखालची जागा भोवतालच्या ओतीव धातूपेक्षा खोल गेलेली किंवा गुळगुळीत लागली, तिच्यावर कानशीचे समांतर ओरखडे दिसले, तर कोणीतरी जुना आकडा खाऊन नवा ठोकलाय.

आता जाणकारांचा शेरा. त्या काळातल्या बीएसएचे इंजिन आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातूनच वेगवेगळे यायचे. दोन स्वतंत्र मालिका होत्या. उलट दोन्ही आकडे अगदी एकच निघाले असते तर मी भुवई उंचावली असती. नंतरच्या ट्रायम्फवर इंजिन आणि फ्रेमचा आकडा एकच असतो, तो नियम लोक सगळ्या ब्रिटिश गाड्यांना लावतात आणि चांगली बीएसए भंगारात काढतात.

‘डब्ल्यू’ म्हणजे वॉर, असं बहुतेक जण छातीठोकपणे सांगतात. मी एवढंच सांगतो की १९३९ च्या गाड्यांवर ‘के’ आहे आणि युद्धानंतर क्रमाने ‘एक्स’, ‘वाय’, ‘झेड’ येतात. अर्थ तुम्हीच लावा. महत्त्वाचं हे की ‘डब्ल्यूएम२०’ ही अक्षरं १९४० पासून युद्ध संपेपर्यंत बदललीच नाहीत. युद्धकाळात बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यातून सुमारे १,२६,००० एम-२० बाहेर पडल्या. त्यामुळे अक्षरांवरून साल कळत नाही. ते पुढच्या आकड्यांवरून, कोणत्या कंत्राटाच्या पट्ट्यात ते बसतात त्यावरून कळतं.

मग कागदावर १९४९ कसं? युद्ध संपल्यावर लष्कराने या गाड्या ढिगाने विकायला काढल्या. घेणाऱ्याने काळा किंवा मरून रंग मारला आणि नागरी नोंदणी केली. नोंदणीचं साल म्हणजे गाडीचा जन्म नव्हे, शाळेत नाव घातल्याची तारीख. तेव्हा आजोबाही खरे आणि कागदही खरा.

फोर्क मात्र नंतरचा. लष्करी एम-२० ला गर्डर फोर्क होता, मधोमध एकच जाड स्प्रिंग असलेला. या मॉडेलला टेलिस्कोपिक, म्हणजे नळीत नळी सरकणारा, आला तो १९४८ मध्ये. तुमच्या गाडीला कोणीतरी तो मागाहून बसवलाय. खात्री करायची तर स्टेअरिंग हेडपाशी फ्रेमचा आकडा बघा. तिथेही ‘डब्ल्यूएम२०’ असेल तर फ्रेम गर्डरच्याच काळातली. पायाखालचे फूटरेस्टही बघा. मलाया जपान्यांच्या हाती गेल्यावर रबराची चणचण झाली, आणि १९४२ पासून फूटरेस्ट नुसत्या लोखंडाचे, हँडलच्या मुठी कॅनव्हासच्या यायला लागल्या. रबर नसलेला, पण रबर कधीच नव्हतं असा फूटरेस्ट दिसला तर तो जपून ठेवा. ‘अपूर्ण’ म्हणून नवा घेऊ नका.

लुकासचा मॅगडायनो, म्हणजे मॅग्नेटो आणि डायनॅमो एकत्र, यावर महिना आणि साल ठोकलेलं असतं. आकडे बारीक असतात. ‘११ ४३’ असं काही दिसलं तर नोव्हेंबर १९४३. सुटा भाग कधीही बदलता येतो, म्हणून हा एकटा साक्षीदार पुरेसा नाही. पण लुकासची तारीख आणि इंजिनाचं कंत्राट एकमेकांपासून चार-सहा महिन्यांवर आले तर तो भाग मूळचा, असं मी मानतो.

पेन्सिलीचे दोन्ही छाप आणि फोटो ब्रिटनमधल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबच्या ग्रंथालयाकडे पाठवा. १९४६ पासूनचा हा क्लब आहे आणि बीएसए कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या त्यांच्याकडे आहेत. जाता जाता, त्यांच्या काटेकोर भाषेत ‘व्हिंटेज’ म्हणजे १९१५ ते १९३० मधलीच गाडी. तुमची त्यात बसत नाही. रागावू नका, माझीही बसत नव्हती.

प्रश्न : एक बेवारस मोटरसायकल घ्यायचा विचार आहे. टाकीवर नाव नाही. इंजिनावर ‘जेएपी’ अशी उठावाची अक्षरं आहेत. विकणारा म्हणतो, १९३० च्या आसपासची जपानी गाडी. जपानी गाड्या इतक्या जुन्या असतात का?

उत्तर : असतात. हार्लेच्या परवान्यावर बनलेली रिकुओ त्याच दशकातली. पण ही तुमची जपानी नाही. जेएपी म्हणजे जॉन आल्फ्रेड प्रेस्टविच, लंडनच्या टॉटनहॅममधले इंजिन बनवणारे. ब्रो सुपिरियर, झेनिथ, कॉटन अशा कितीतरी कारखान्यांनी त्यांची इंजिनं बसवली. पण इंजिन इंग्रजी म्हणून गाडी इंग्रजी, असं होत नाही. ही इंजिनं देशोदेशी विकली जात होती.

एक पाना घेऊन जा. फ्रेमच्या मूळ बोल्टवर १३ नंबरचा पाना चढत नसेल आणि १४ चा सैल फिरत असेल, तर तो पाव इंची व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचा, असण्याची शक्यता दाट आहे. त्याचं डोकं १३.३ मिलीमीटर भरतं, मधल्यामध्ये. मेट्रिक बोल्ट युरोप खंडातल्या गाडीवर सापडतील. एकच बोल्ट बघू नका, दहा बघा. इतक्या वर्षांत प्रत्येक मालकाने हाताला लागेल तो बोल्ट ठोकलेला असतो. फ्रेमच्या आत दडलेले, कोणी कधी उघडले नसतील असे बोल्ट खरं बोलतात.

सालासाठी इंजिनाच्या आकड्यासोबत एक सुटं इंग्रजी अक्षर शोधा. जेएपीने वर्षासाठी ‘न्यूमॅटिक्स’ (PNEUMATICS) या शब्दाची इंग्रजी अक्षरं वापरली. दहा अक्षरं, एकही दोनदा येत नाही, दशकातली दहा वर्षं. असा शब्द शोधणाऱ्याला माझा दंडवत. अडचण ही की १९२० चं दशक संपल्यावर तोच शब्द पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, म्हणून एकाच अक्षराची दोन सालं निघतात. तिथे टाकी बघा. फ्रेमच्या वरच्या दोन नळ्यांमध्ये सरकवलेली चपटी, पेटीसारखी टाकी असेल तर विसाचं दशक. नळीवर खोगिरासारखी बसलेली गोलसर टाकी १९२८ च्या सुमारास सर्रास झाली. टाकी बदललेली असू शकते, म्हणून तिच्या पट्ट्या अडकवायचे फ्रेमवरचे कान मूळचे आहेत का तेही चाचपा.

प्रश्न : साइडकारसह ‘१९४२ ची जर्मन लष्करी बीएमडब्ल्यू’ विकायला आहे. राखाडी रंग, पितळी पट्टी, सगळं चकाचक. विकणारा कधी आर-७१ म्हणतो, कधी आर-७५. कशी ओळखू?

उत्तर : विकणाऱ्यालाच दोन नावं सुचतायत, इथेच निम्मं उत्तर आलं. या दोघींत गोंधळ व्हायला जागा नाही. आर-७५ चं इंजिन ओव्हरहेड व्हॉल्व्हचं (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यात), साइडकारच्या चाकालाही ताकद जाते आणि मागचं चाक फ्रेममध्ये थेट, स्प्रिंगशिवाय. आर-७१ साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला), ७४५ सीसी, आणि मागे दोन्ही बाजूंना उभ्या नळीत स्प्रिंग, म्हणजे प्लंजर. मागे प्लंजर दिसला की आर-७५ विसरा.

आर-७१ म्हणून विकत असेल तर जास्त जपा. १९३८ ते १९४१ मध्ये ती जेमतेम साडेतीन हजार बनली, त्यामुळे विकणाऱ्याचं १९४२ तसंही बसत नाही. सोव्हिएत रशियाने तिच्यावरून एम-७२ केली, आधी मॉस्कोत आणि जर्मन सैन्य जवळ आल्यावर उरलमधल्या इर्बितमध्ये. एम-७२ वरून पुढे चीनमध्ये छांगच्यांग ७५० आली. तिन्ही बहिणी लांबून सारख्या दिसतात. पान्याची युक्ती इथे चालणार नाही, तिन्ही मेट्रिक.

पितळी पट्टीकडे ढुंकूनही बघू नका. पट्टी नवी करून मिळते, रंग तर कोणीही मारतो. जिथे रंगारी पोचत नाही तिथे जा. कार्बोरेटरचा बाहेरचा भाग, गिअरबॉक्सची खालची बाजू, डायनॅमोचं बूड. रशियन लिपीतलं एखादं अक्षर किंवा कार्बोरेटरवर ‘के-३७’ दिसलं तर तो भाग एम-७२ चा. फ्रेमचा आकडा मिळाला तर बीएमडब्ल्यूच्या संग्रहालयीन विभागाला लिहा, कारखान्यातून गाडी कधी गेली ते त्यांच्या नोंदींवरून सांगतात. विकणारा आकड्याचा फोटो काढू देत नसेल तर वेगळं विचारायची गरज नाही.

आणि एम-७२ निघाली म्हणून नाक मुरडू नका. गाडी दणकट आहे, भाग मिळतात. फक्त पैसे एम-७२ चे द्या. कार्बोरेटरवर काय निघालं ते मला कळवा, मलाही उत्सुकता आहे.